कवळीची आतली बाजू

पेण तालुक्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे नाव काढले की हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या गणपतींच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. त्याच जातीचे जिप्सम दातांच्या लॅबमध्येही रोज भिजत असते. दंतवैद्य तोंडाचे माप घेतात, त्यात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती काढतात आणि तिच्यावर मेणाची कवळी रचून ‘ट्रायल’ घेतात. पेशंट आरशात बघून मान हलवतो. मग ती मेणाची कवळी धातूच्या पेटीत प्लास्टरमध्ये गाडली जाते, गरम पाण्याने मेण वितळवून काढले जाते आणि रिकाम्या झालेल्या जागेत गुलाबी ॲक्रिलिकचा मऊ गोळा दाबून भरला जातो. ही पेटी साधारण 74 अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही तास शिजते. बाहेर आलेली कवळी घासूनपुसून चकचकीत करतात, पण ती फक्त ओठ, गाल आणि जीभ जिथे लागते त्या बाजूने. टाळूला आणि हिरडीला टेकणारी आतली बाजू तशीच सोडतात, कारण तिथे पॉलिश केले तर कवळीची बसणच बिघडते. गणपतीच्या मूर्तीलाही समोरून जितका हात फिरतो तितका पाठीमागून फिरत नाही, हे कारखान्यात डोकावलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मूर्तीच्या पाठीने कोणाचे काही अडत नाही. कवळीची बुरशी मात्र नेमकी त्या चकाकी नसलेल्या आतल्या बाजूलाच धरते.

घरोघरी कवळीची जी स्वच्छता चालते ती बहुतांशी बाहेरच्या बाजूची असते. दात पिवळे पडले, चहाचे डाग चढले, वास यायला लागला, की लोक घासायला घेतात. आतली बाजू दिसत नाही आणि दुखतही नाही.

कवळीच्या आतल्या बाजूला धरणाऱ्या बुरशीचे नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. ती बाहेरून येते असे समजायचे कारण नाही. असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात ती थोड्या प्रमाणात नांदतच असते आणि लाळ, जीभ, तोंडातले इतर जिवाणू तिला आवरून धरतात. वरच्या जबड्याची पूर्ण कवळी बसली की टाळूवर एक झाकण पडते. झाकणाखाली लाळ फिरत नाही, जीभ पोचत नाही, हवा खेळत नाही, आंबटपणा वाढतो. ॲक्रिलिकमध्ये बारीक छिद्रे असतात. त्यांत आधी जिवाणू चिकट थर धरतात, त्या थरात बुरशी घर करते आणि गोल पेशी सोडून लांब तंतू काढू लागते. खालच्या कवळीखाली हे सहसा घडत नाही, कारण ती अरुंद असते आणि तिच्या आजूबाजूला लाळ सतत खेळत असते. म्हणून कोणाला कवळीचा त्रास आहे असे कळले तर आधी वरची कवळी काढून टाळू बघावी.

टाळूवर काय दिसते, याची दंतसंशोधक न्यूटन यांनी 1962 मध्ये केलेली विभागणी अजूनही दंतवैद्य वापरतात. पहिल्या पायरीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात. दुसरीवर कवळीच्या आकाराचाच लालभडक पट्टा उमटतो, इतका नेमका की कवळीची कड कुठे संपते ते टाळूवर बोट ठेवून सांगता येते. तिसरीवर टाळूची त्वचा दाणेदार, फुगीर होते. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत कवळी वापरणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांपासून 70 टक्क्यांहून अधिक लोकांत टाळूचा हा बुरशीचा आजार आढळला आहे. आकड्यांतला एवढा फरक कोणाची तपासणी केली आणि कशी केली यातून येतो. वृद्धाश्रमातले आकडे नेहमीच चढे असतात. पण सगळीकडे एक गोष्ट सारखीच: बहुतेकांना काहीही जाणवत नाही. थोडी आग, चवीत फरक, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा, एवढ्यावरच निभावते. त्यामुळे ‘मला काहीच त्रास नाही’ या वाक्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

मधुमेह असेल तर बुरशीला मोकळे रान मिळते. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणे, वारंवार घेतलेली अँटिबायोटिक्स, रक्त कमी असणे, तोंड कोरडे पाडणाऱ्या गोळ्या, हीही कारणे आहेत. तंबाखूचे नाव वेगळे घ्यायला हवे. रायगडच्या गावांत मशेरी लावणाऱ्या कितीतरी आजी अशा आहेत की दात जाऊनही मशेरी सुटलेली नाही. ती आधी हिरड्यांवर फिरते आणि मग तेच बोट कवळीवरूनही फिरते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दवाखान्यात कुठेही ऐकू येईल असे बोलणे असते:

“आजी, रात्री कवळी काढता ना?”

“काढते तर. धुते नि लगेच घालते.”

आजी खोटे बोलत नाहीत. त्यांच्या हिशेबाने काढणे म्हणजे धुण्यापुरते काढणे. डॉक्टरांना मात्र सहा ते आठ तास तोंड मोकळे हवे असते. एवढा एक प्रश्न नीट विचारला गेला असता, तर पुढची निम्मी औषधे लिहावी लागली नसती असे मला वाटते. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. दिवसा बोलताना, जेवताना कवळी थोडीफार हलते आणि तिच्याखाली काही ओलावा शिरतो; रात्री तेही थांबते. बुरशी वाढवायची असे ठरवून कोणी सोय करायची म्हटली, तरी यापेक्षा चांगली जमणार नाही.

जपानमध्ये 85 वर्षे आणि त्यापुढच्या 524 वृद्धांचा तीन वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 453 जणांना कवळी होती आणि 186 जण ती झोपेतही काढत नव्हते. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाने दगावण्याचा किंवा रुग्णालयात दाखल होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त निघाला. त्याच लोकांच्या जिभेवर आणि कवळीवर थरही अधिक होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे कवळीनेच न्यूमोनिया झाला असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. जो माणूस कवळी काढत नाही तो इतर बाबतींतही स्वतःची हेळसांड करत असेल. तरी झोपेत तोंडातला मळ श्वासनलिकेत उतरतो हे वैद्यकाला माहीत आहेच. रात्री कवळी काढायला पैसा पडत नाही आणि तोटाही होत नाही, म्हणून मी तरी या अभ्यासाची बाजू घेईन.

मग लोक काढत का नाहीत? लाज वाटते. बिनदातांचे बसके तोंड नवऱ्याला, सुनेला, नातवंडांना दिसू नये असे वाटते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे झोपत असतील, तर रात्री वाटीत कवळी ठेवायची ती कुठे? गणपतीत किंवा शिमग्याला मुंबईहून लेक-जावई उतरले की दहा-बारा दिवस कवळी तोंडातून हलत नाही, आणि सणानंतर टाळूची आग सुरू होते. पुरुष वेगळे कारण सांगतात, ‘सवय मोडली तर सकाळी बसत नाही.’ त्यात तथ्य आहे. फार दिवस काढून ठेवलेली किंवा कोरडी पडलेली कवळी सकाळी घट्ट वाटते. रात्रीपुरती काढलेल्या कवळीला तसे होत नाही. ज्यांना रात्री काढणे खरोखरच अशक्य आहे, त्यांनी दुपारी घर शांत असताना काही तास तरी काढावी. नियमाला हे धरून नसले, तरी काही नाही त्यापेक्षा बरे.

कवळी धुण्याबाबत घराघरांत जे चालते त्यातले काही बरोबर असते आणि बरेचसे उलटे. सगळ्यांत जास्त चूक टूथपेस्टची होते. नैसर्गिक दातांचे कवच ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कठीण असते आणि पेस्टमधले खरखरीत कण त्याच्यासाठी बेतलेले असतात. कवळीवर तीच पेस्ट रोज फिरली की बारीक ओरखडे पडतात. पृष्ठभाग 0.2 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागापेक्षा, जास्त खडबडीत झाला की त्यावर जंतूंचा थर अधिक जमतो असे संशोधक मानतात. पांढरीशुभ्र दिसावी म्हणून घासलेली कवळी अशाने बुरशीला आणखी जागा करून देते. राखाडी, मीठ, दंतमंजन, भांड्यांची घासणी यांचेही तेच. लागतो तो मऊ ब्रश आणि साधा साबण, हात धुण्याचा किंवा भांड्यांचा पातळ. बेसिनमध्ये थोडे पाणी साठवून किंवा खाली टॉवेल अंथरून त्यावर कवळी धरायची, कारण ओल्या हातातून ती निसटते आणि फरशीवर पडली की दोन तुकडे. खालची कवळी मुठीत दाबून घासतानाही मधोमध तुटते, म्हणून ती एका बाजूने धरावी. ब्रश आधी आत फिरवायचा, टाळूच्या खोलगट भागात आणि हिरडी बसते त्या पन्हळीत, मग बाहेर. शेवटी भरपूर पाण्याने साबण काढायचा. टाळू, हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसायचे राहून जाते, आणि बुरशीचे अर्धे बिऱ्हाड तर तिथेच असते.

जेवणानंतर नुसती चूळ भरून भागत नाही. पेणचे पोहे असोत किंवा हिवाळ्यातल्या पोपटीतला वालाचा गर, कवळीखाली सरकलेला कण दिवसभर तिथेच राहतो. काढून नळाखाली धरायला अर्धे मिनिट लागते.

उकळत्या पाण्याबद्दल एक गैरसमज मुळासकट काढायला हवा. ‘शिजवूनच तर बनवतात, मग उकळली तर काय बिघडते?’ असे शहाणेसुरते लोकही विचारतात. लॅबमध्ये कवळी शिजते तेव्हा ती चहूबाजूंनी प्लास्टरमध्ये आवळलेली असते, वाकायला जागाच नसते. मोकळी कवळी उकळत्या पाण्यात टाकली की ती मऊ पडून किंचित वाकडी होते. डोळ्यांना तो वाकडेपणा दिसत नाही, टाळूला जाणवतो. ढिली कवळी मग हिरडीला घासत राहते आणि घासलेल्या जागी बुरशी लवकर धरते.

भिजवण्याच्या पदार्थांत सगळ्यांत जोरदार सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातले ब्लीच. ते बुरशी मारते आणि चिकट थरही विरघळवते. अमेरिकेतल्या कृत्रिम दंततज्ज्ञांच्या संघटनेने 2011 च्या मार्गदर्शनात ते दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ वापरू नये असे बजावले आहे. प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याचे पुरते. बाजारात मिळणारे ब्लीच बहुधा चार-पाच टक्क्यांचे असते, म्हणजे एक भाग ब्लीचला नऊ-दहा भाग पाणी. नंतर कवळी खळखळून धुवायलाच हवी. धातूची जाळी, तार किंवा क्लिप असलेल्या कवळीला ब्लीच चालत नाही, धातू गंजतो. मऊ अस्तर लावलेल्या कवळीलाही चालत नाही. रोज वापरले तर गुलाबी रंग फिका पडतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. दुहेरी ताकद म्हणून हा प्रयोग करणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

व्हिनेगरचा स्वतंत्र उपयोग मात्र आहे. पातळ केलेले व्हिनेगर कवळीवर साठलेले कीटण सैल करते आणि बुरशीवरही त्याचा थोडाफार परिणाम होतो. खाण्याच्या सोड्याने वास जातो, थर काहीसा सुटतो, यापलीकडे फार आशा धरू नये. मिठाच्या पाण्याने टाळूला बरे वाटते, कवळीचे त्याने फारसे काही होत नाही. त्रिफळा आणि कडुनिंब यांच्यावर आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत प्रयोग झाले आहेत आणि काही निकाल उत्साह वाढवणारेही आहेत, पण बहुतेक प्रयोग लहान किंवा फक्त प्रयोगशाळेतले. त्रिफळ्याच्या काढ्याचे डाग कवळीवर चढतात, ही अडचण आहेच.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या आणि पावडरी, क्लिन्सोडेंट, फिटीडेंट, पोलिडेंट अशा नावांच्या, पाण्यात टाकल्या की ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात. डाग आणि जिवाणू यांच्यावर त्या चांगल्या चालतात. बुरशीवर त्यांचा परिणाम बेताचा आणि ब्रश न मारता तर फारच कमी. बुडबुडे बघून कवळी आपोआप धुतली गेली असा जो भरवसा वाटतो तो खोटा आहे. ही गोळी तोंडात टाकायची नसते. नजर कमी झालेल्या आजोबांनी ती औषधाच्या गोळीबरोबर गिळू नये म्हणून डबी औषधांपासून लांब ठेवावी. काहींना तिच्यातल्या परसल्फेटची ॲलर्जी असते आणि त्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच उत्पादकांना सूचना दिल्या होत्या. मायक्रोवेव्हमध्ये पाण्यात बुडवून तीन मिनिटे ठेवण्याचेही प्रयोग झालेत. बुरशी मरते, पण कवळी वाकण्याचा धोका राहतो. घरी करू नये.

काढलेली कवळी रात्री कुठे ठेवायची, यावर तज्ज्ञांचेच एकमत नाही. प्रचलित सल्ला पाण्यात ठेवण्याचा, कारण ॲक्रिलिक वाळले की त्याचा आकार किंचित बदलतो. दुसरा पक्ष म्हणतो की पाण्यात बुरशीही जिवंत राहते, त्यापेक्षा नीट घासलेली कवळी रात्रभर कोरडी ठेवावी. कोरडेपणाने बुरशी घटते असे दाखवणारे अभ्यास आहेत आणि आकारातला फरक बहुतेकांना जाणवण्याइतका नसतो. टाळू लाल नसेल तर स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि पाणी रोज बदलावे, हेच मला सोयीचे वाटते. टाळू लाल असेल तोवर दंतवैद्यांना विचारून काही दिवस कोरडी ठेवायला हरकत नसावी. हा वाद पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात वेगळाच रंग घेतो. हेटवणे धरण तालुक्यातच असूनही एप्रिल-मेमध्ये तिथल्या गावांना टँकरची वाट बघावी लागते. जिथे पिण्याचे पाणी हंड्याने मोजतात तिथे ‘रोज पाणी बदला’ सांगणाऱ्याने वाटीभर पाण्याचीही किंमत लक्षात घ्यावी. अशा घराला कोरडी डबी जास्त परवडते. डबी झाकणाची, प्लास्टिकची आणि आठवड्यातून एकदा तरी धुतलेली हवी. रुमालात गुंडाळलेली कवळी केरात जाते, हा अनुभव पुष्कळ घरांना आहे.

टाळू लाल झाल्यावर लोक औषधाकडे वळतात आणि इथेच सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो. क्लोट्रिमाझोलचे थेंब किंवा पेंट मेडिकलमधून आणले जातात, कवळी तोंडात ठेवूनच जिभेवर टाकले जातात. टाळूपर्यंत ते पोचतच नाहीत. औषध कवळी काढून टाळूवर लावायचे, कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायचे आणि कवळी रोज निर्जंतुक करायची. हे केले नाही तर औषध थांबल्यावर काही आठवड्यांत बुरशी परत येते, कारण तिचे बी कवळीतच राहिलेले असते. 2010 च्या दशकात झालेल्या एका एकत्रित आढाव्यात बुरशीनाशक औषधे आणि कवळीचे निर्जंतुकीकरण यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. नुसती कवळी नीट साफ करून जेवढे साधते ते कमी नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. मायकोनाझोलचे तोंडात लावायचे जेल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर घातक ठरू शकते. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ते स्वतःहून आणू नये.

निस्टॅटिन हे या कामातले जुने औषध. 1950 मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी ते जगापुढे आणले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, आणि औषधासाठी तपासायचे मातीचे नमुने टपालाने इकडून तिकडे. 1966 च्या पुरात भिजलेली फ्लॉरेन्समधली चित्रे बुरशीपासून वाचवायलाही हेच औषध वापरले गेले.

औषध आणि स्वच्छता दोन्ही करूनही टाळू लालच राहिली तर दोष कवळीचा असण्याची शक्यता मोठी. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, कवळी आहे तेवढीच राहते. ‘वीस वर्षे झाली, अजून तीच आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांची कवळी आत हलत असते. तुटल्यावर झटपट गोंदाने जोडलेली किंवा न शिजवता घट्ट होणाऱ्या ‘कोल्ड क्युअर’ ॲक्रिलिकने डागडुजी केलेली जागा मूळ कवळीपेक्षा जास्त सच्छिद्र असते. टाळूला चिकटून राहावी म्हणून आत रबरी चकती बसवलेल्या जुन्या कवळ्या अजून दिसतात. त्या चकतीखाली बुरशी तर वाढतेच, शिवाय टाळूला भोक पडल्याची उदाहरणेही भारतीय दंतवैद्यकात नोंदलेली आहेत. अशी कवळी असेल तर धुण्याचा विचार सोडून ती बदलावीच.

कवळी दाखवायला पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालये आहेत. रोह्याहून निघणारी दिवा गाडी पनवेलला सोडते, आणि पुढे कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ या पट्ट्यात दंतमहाविद्यालयांची रांगच आहे. तिथे कवळी कमी खर्चात होते, पण मापे, ट्रायल, बसवणे आणि मग घासलेल्या जागा नीट करणे अशा बऱ्याच खेपा पडतात. कवळी हातात पडली की बहुतेकांची ती शेवटची खेप असते. वर्षातून एकदा दाखवायला या, हे सांगितले जाते आणि विसरले जाते. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 1 एप्रिल 2017 ला सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही देण्याची तरतूद तिच्यात आहे. काठी दिली की काम झाले. कवळीचे तसे नाही, तिच्यासोबत एक मऊ ब्रश, एक झाकणाची डबी आणि मराठीत मोठ्या अक्षरांत छापलेला कागद दिला तर फार खर्च वाढणार नाही.

आरोग्य उपकेंद्रांत तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर तोंडाच्या कर्करोगासाठीही तपासणी होते. त्या वेळी कवळी काढायला लावली नाही तर टाळू आणि हिरडीचा कडेचा भाग बघितलाच जात नाही. तंबाखू आणि मशेरीच्या या मुलखात ही चूक महागात पडू शकते. कवळी बाहेर ठेवून, बुरशीचे औषध नीट लावूनही दोन-तीन आठवड्यांत जी लाल किंवा पांढरी जागा जात नाही, जो फोड भरत नाही, जिथे कड टणक लागते, तिथे आणखी एक पेंटची बाटली आणण्यात वेळ घालवू नये. तुकडा काढून तपासायला हवा, आणि त्यासाठी परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयापर्यंत जाण्याआधी खारघरला त्याचेच केंद्र आहे.